तिसरी मूठ

माझ्या प्रबंधात सात प्रकरणं आहेत. आठवंही होतं, ते मी काढून टाकलं. आमच्या मार्गदर्शक बाई अजून अधूनमधून विचारतात, "रिद्धी, अगं त्या बुराई नदीकाठच्या गावाचं काय झालं? एवढ्या उत्साहानं गेली होतीस." मी सांगते, रेकॉर्डिंग नीट आलं नाही. खरं तर रेकॉर्डिंग उत्तम आलं आहे. मी ते ऐकत नाही, एवढंच.

आम्ही बोदवडचे. पप्पांचं, म्हणजे अमृतलालजींचं, कापडाचं दुकान स्टेशन रोडला आहे. चार पिढ्यांपूर्वी आमची माणसं राजस्थानातून आली, त्यामुळे घरात मारवाडी, गल्ल्यावर मराठी आणि गिऱ्हाईक खेड्यातलं असेल तर तोडकीमोडकी अहिराणी. जैन मारवाड्याच्या पोरीनं कानबाईवर संशोधन करायचं म्हटल्यावर विभागात बरेच जण हसले होते. मी हट्टी. हसले म्हणूनच तो विषय घेतला.

श्रावणात नागपंचमी झाली, की येणाऱ्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. तिच्या नैवेद्याला रोट करतात. त्या रोटांचे गहू मापानं घ्यायचे नाहीत, मुठीनं घ्यायचे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. जेवढे पुरुष, तेवढ्या मुठी. ते रोट घरच्यांनीच, भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला कणभरही द्यायचा नाही. हे सगळं मी टिपून ठेवलं होतं, लाल शाईनं अधोरेखित केलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला उरलेली नाही.

त्या शनिवारी मी दोंडाईचाला मामाकडे गेले. सोबत अखिल, माझा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा, उंच, सदानकदा भुकेला, आणि हातात मोबाइल नसेल तर काय करावं हे ज्याला कळत नाही असा. मला गिअरची गाडी येत नाही, म्हणून तो माझा ड्रायव्हर. बदल्यात अर्धा दिवस त्याचा आणि अर्धा माझा, असा करार ठरला होता. रविवारी सकाळी मामाची मोटरसायकल घेऊन आम्ही आधी मुडावदला गेलो, तापी-पांझरेच्या संगमावर. तापी गढूळ, भरून चाललेली. कपिलेश्वराच्या देवळाच्या दगडी पायऱ्यांवर त्यानं माझ्याकडून स्वतःचे साठ-सत्तर फोटो काढून घेतले आणि मग म्हणाला, "आता तुझ्या म्हाताऱ्या बायकांकडे चल." दोघं हसत निघालो. त्यानंतरचं त्याचं हसणं मला कधी ओळखीचं वाटलेलं नाही.

गाव बुराईपासून थोडं आत. नाव सांगत नाही. छगन आबांचं घर कडेला होतं, मातीचं, पुढे ओटा, पलीकडे कपाशीचं रान. मी आधी फोन करून ठेवला होता. आबा शिंदखेड्याला फुलं-फळं आणायला गेले होते, घरात त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई एकट्याच. पन्नाशीच्या, हडकुळ्या, शांत. ताज्या शेणानं सारवलेल्या जमिनीचा आणि तुपाचा वास घरभर होता. चौरंगावर नारळाची कानबाई मांडलेली, नथ घातलेली.

"ये माय, बस. कथाइन उनात?"

मी बोदवडचं सांगितलं. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या अखिलकडे पाहत होत्या. तो दारात वाकून बूट काढत होता.

"हाऊ कोन?"

"माझा भाऊ."

"कितला वरीसना शे?"

"एकोणीस."

त्या चुलीपुढे जाऊन बसल्या आणि फुंकणीनं जाळ करत राहिल्या. मी रेकॉर्डर सुरू केला आणि माझे ठरलेले प्रश्न विचारायला लागले. गहू कधी निवडले, कुणी मोजले, किती मुठी घेतल्या.

"तीन."

"तिघं कोण कोण?"

"तुना आबा. मना मोठा ज्ञानेश्वर, तो सुरतले ऱ्हास, रातले येई." त्या थांबल्या. "आनि स्वप्नील. धाकला."

भिंतीवर एका मुलाचा फोटो होता. कॉलेजच्या ओळखपत्रावर असतो तसा. हार नव्हता, म्हणून मी काही वेगळं मनात आणलं नाही.

"स्वप्नील कुठे आहे?"

"बाहेर गयेल शे. येई."

दुपारी त्यांनी आम्हांला जेवायला बसवलं. मला भाकरी, हरभऱ्याची डाळ, गंगाफळाची भाजी. अखिलच्या ताटात भाजी, खीर आणि एक जाड, खरपूस, तुपानं माखलेला रोट. मी बघतच राहिले.

"मावशी, रोट तर बाहेरच्याला देत नाहीत ना?"

"बाहेरनाले नही देत," त्या म्हणाल्या, आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगते, लपवून काय उपयोग. मला आनंद झाला. परंपरा पाळणारी बाई आपणहून परंपरा मोडते आहे आणि ते माझ्यासमोर घडतं आहे. एक अख्खं प्रकरण मिळालं, असं वाटलं. मी वहीत "अपवाद" असं लिहिलं आणि वेळ टाकली, एक वाजून दहा मिनिटं.

रोट मोठा होता. शेवटचे दोन घास उरले तेव्हा अखिलनं पोटावर हात ठेवला.

"दीदी, आता नाही जात."

आमच्याकडे ताटात उष्टं टाकत नाहीत. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटानं फिरवायचं आणि ते पाणीही पिऊन टाकायचं. लहानपणापासूनची शिस्त. त्यात चातुर्मास. शिवाय लोकांच्या घरी देवीचा प्रसाद टाकायचा म्हणजे माझी अब्रूच गेली असती.

"मम्मीला सांगू का?" मी दटावलं. "गुपचूप संपव. थाळी धुऊन पी."

त्यानं तोंड वाकडं केलं, पण घास संपवले. ताटात पाणी ओतलं, बोट फिरवलं, प्यायला. प्रमिलाबाई चुलीपाशी बसून पाहत होत्या. त्यांची पापणी लवत नव्हती.

"बठ्ठं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "बठ्ठं पेई गया?"

"आमच्यात कणसुद्धा ठेवत नाहीत, मावशी," मी म्हणाले. वर अभिमानानं म्हणाले.

त्यांनी पदरात तोंड लपवलं. मला वाटलं, धुरानं डोळे चुरचुरले असतील.

नंतर त्या गायल्या. एकट्याच, मांडीवर हात आपटत, दोन तास. अखिल ओट्यावर आडवा झाला होता. मध्येच तो उठून आत आला. बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या माणसाला त्या घरात हातभर पुढचं दिसत नव्हतं, पण तो सरळ मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेला, माठावरचं झाकण काढलं, वरच्या फळीवरचा पेला न चाचपता घेतला आणि पाणी प्यायला. जाताना म्हणाला, "माय, बैलेस्ले पानी दाखाडं का?"

प्रमिलाबाई गाणं न थांबवता मानेनं हो म्हणाल्या.

मला राग आला. हा ह्यांच्या बोलीची नक्कल करतो आहे, आता व्हिडिओ काढून टाकेल, असं वाटलं. मी डोळे वटारले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि पाहुण्या बाईकडे पाहून हसावं तसं थोडं हसला.

साडेचारला छगन आबा आले. हातात फुलांची पुडी. चुलीशेजारी नैवेद्याची परात होती, तिच्यात त्यांनी पाहिलं, मग अखिलचं धुतलेलं ताट पाहिलं. पुडी तशीच खाली ठेवली.

"कोनले दिधा?"

प्रमिलाबाई चुलीतली लाकडं सारत राहिल्या.

"तिसरा रोट कोनले दिधा, सांग ना!"

आबांनी मला हाताला धरून ओट्याखाली नेलं.

"पोरी, स्वप्नील तीन वरीस पहिले बुराईना पूरमा गया. हाई त्यानी मूठ मोजानं सोडत नही. दर साल मी तो रोट उचलीसन नदीमा सोडी देस. आज मले उशीर व्हई गया." ते श्वास घ्यायला थांबले. "त्यानी थोडा तरी टाका व्हता का? एक घास?"

मी नकारार्थी मान हलवली.

"एक घास ऱ्हायना आस्ता ना… तो गायले घालीसन मोकळं करता येतं. आत्ते ज्यानी मूठ, त्यानं पोट…" त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. "तुमना घरनं काही शे का जोडे? तुमनी मायना हातनं?"

पिशवीत मम्मीनं बांधून दिलेले खाखरे होते. मी तसं सांगितलं.

"मंग ऊठ. आठे नको. गावनी शीव वलांड आनि तुना हातवरी त्याले घास दे. तोंडमा ठेवीसन उपेग नही, गियाले जोयजे. दिन बुडाना पहिले. मंग काही उपाय नही."

तुम्ही म्हणाल, शिकलेली बाई, असल्या गोष्टीवर विश्वास ठेवलास? नव्हता ठेवला. मी फक्त अखिलला हाक मारली. तो गोठ्यापाशी उभा होता. मी तीनदा "अखिल" म्हणाले, त्यानं मान वळवली नाही. आतून प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या, "स्वप्नील…" आणि तो वळला. मी पिशवी खांद्याला लावली.

गाडीवर तो बसला, तेही आबांनी खांद्याला धरून बसवला म्हणून. प्रमिलाबाई ओट्यावर आल्या नाहीत, त्यांनी अडवलंही नाही. नुसत्या आतून गात होत्या. गावापासून एक-दीड किलोमीटरवर, कपाशीच्या दोन शेतांमध्ये, शेंदूर फासलेला एक दगड आहे. तीच गावाची शीव. तिथे आल्यावर त्यानं गाडी बंद केली, स्टँडला लावली आणि खाली उतरला.

"काय झालं?"

"आठेच बसू."

"अखिल, चल. मामा वाट पाहत असतील."

"कोन मामा?"

मी त्याचा हात धरून ओढलं. तो भांडला नाही, हिसडाही दिला नाही. नुसता जड झाला. पन्नास किलोची गोणी ओढावी तसा मी माझा भाऊ ओढत होते, आणि तो माझ्याकडे कीव केल्यासारखा पाहत होता. मी रडले, शिव्या दिल्या, पप्पांची शपथ घातली. साडेपाच झाले, सहा झाले. आभाळ भरून आलं होतं, पाऊस पडत नव्हता. कपाशीच्या ओल्या पानांचा उग्र वास सुटला होता. मामाला फोन लावत होते, रेंज येत नव्हती.

शेळ्या घेऊन एक म्हातारा आला. पुना त्याचं नाव, नंतर कळलं. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होते. मी धावत गेले, म्हटलं, बाबा, ह्याला धरायला मदत करा. त्यानं अखिलकडे मान उचलून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"स्वप्नील? कधय उना रे भो?"

"आजच," अखिल म्हणाला.

म्हातारा हसला, एक पाऊल पुढे आला. मग त्याला काहीतरी आठवलं असावं. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. त्यानं शेळ्या वळवल्या आणि आल्या वाटेनं परत गेला. मी हाका मारत राहिले.

शेवटी मी अखिलच्या पाठीमागे गेले, कमरेला मिठी मारली आणि ढकलला. कसा ढकलला ते मला सांगता येणार नाही. माझ्या उजव्या खांद्याचं हाड त्या दिवसापासून दुखतं. दोघं दगडाच्या पलीकडे तोंडावर पडलो. सहा चाळीस झाले होते.

मी खाखऱ्याचा डबा उघडला. तुकडा मोडला, त्याच्या ओठांपाशी नेला.

"खा ना रे. मम्मीनं केलाय. मेथीचा. तुला आवडतो."

"नही अक्का," तो नम्रपणे म्हणाला. "पोट भरेल शे मनं."

अक्का. रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही मोठ्या बाईला म्हणतात तसं. मी त्याच्या थोबाडीत मारली. पहिल्यांदाच मारली. त्यानं गाल चोळला आणि गावाकडे पाहत राहिला. तिकडून, एवढ्या लांबून ऐकू यायला नको होतं, पण प्रमिलाबाईंचं गाणं ऐकू येत होतं.

"अखिल, मी तुझी दीदी आहे… तुझे पाय धरते. एक घास. एकच."

मी खरोखर त्याचे पाय धरले. त्यानं ओशाळून पाय मागे घेतले.

चातुर्मासात आमच्या घरी सूर्यास्ताच्या वेळा छापलेला कागद भिंतीवर चिकटवलेला असतो, कारण सूर्य बुडाल्यावर आम्ही तोंडात पाणीही घालत नाही. त्या दिवसाचा सूर्यास्त सात वाजून सात मिनिटांनी होता. आभाळ झाकलेलं, सूर्य कुठे आहे ते दिसत नव्हतं. मोबाइलवर सात वाजून चार मिनिटं झाली होती. मी त्याला खाली पाडलं, छातीवर गुडघा रोवला, दोन बोटांनी जबडा उघडून तुकडा आत कोंबला. तो गिळेना. घास तसाच गालात धरून माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याचं तोंड दाबलं, मग नाक दाबलं. तो तडफडायला लागला. माझ्या हाताखाली माझा भाऊ तडफडत होता आणि मी सोडत नव्हते. मेला तरी आमचा म्हणून मरेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. त्यानं गिळलं.

मी मोबाइल पाहिला. सात वाजून सात.

बराच वेळ तो खोकत होता. मग उठून बसला, चिखलानं भरलेले कपडे पाहिले आणि म्हणाला, "दीदी, हे काय गं? पडलो का आपण?"

मी त्याला कवटाळून ओक्साबोक्शी रडले. गाणं थांबलं होतं.

रात्री तो मामाकडे शांत झोपला. मी उशाशी जागी होते. सकाळी सात वाजता माझा फोन वाजला. परवानगीच्या अर्जावर मी प्रमिलाबाईंना माझा नंबर लिहून दिला होता. फोन आबांचा.

"पोरी… तुना भाऊ घर पोचना का?"

"हो आबा. पोचला. बरा आहे अगदी. तुमचे उपकार—"

पलीकडे ते फोन बाजूला धरून कुणाला तरी थांब म्हणाले.

"आबा?"

"नक्की पोचना?"

"इथंच आहे, अंघोळीला गेलाय. का?"

"मंग…" त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "मंग आठे आम्हना ओटावर कोन बसेल शे? काल दिन बुडताच उना. चिखलमा भरेल. रातभर रडी राहिना. जेवत नही, पानी पेत नही. मनी बायको त्याले स्वप्नील म्हनस, तो ओ देत नही."

मागे कुणीतरी हुंदके देत होतं. मग फोन ओढल्याचा आवाज आला, आणि तो आवाज आला, घसा बसलेला.

"दीदी… मला का सोडून गेलीस… दीदी, ये ना गं. ह्यांना सांग ना, मी कोण आहे ते…"

मी उभीच होते. न्हाणीघराचं दार उघडलं. अखिल टॉवेलनं डोकं पुसत माझ्यासमोर येऊन थांबला आणि माझ्या तोंडाकडे पाहायला लागला. फोनमधलं रडणं त्यालाही ऐकू जात असणार.

मी फोन कापला.

"कुणाचा होता?" त्यानं विचारलं.

"राँग नंबर."

त्यानं टॉवेल दोरीवर टाकला.

"बरं केलंस, दीदी," तो म्हणाला, आणि मामीनं वाढलेल्या ताटावर जाऊन बसला.